थॉनी: लूप शिकण्यासाठी काही महिने वापरल्यावरचा अनुभव

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्याचं घोडं बहुतेक वेळा लूपपाशी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या सूचनेपाशी अडतं, आणि तिथेच थॉनी खरं कामाला येतं. एस्टोनियाच्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं हे पायथन लिहायचं आणि चालवून बघायचं सॉफ्टवेअर मोफत आहे. पायथन त्याच्यासोबतच मिळतं आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेट नसलं तरी चालतं.

आधी 'व्ह्यू' मेनूतून 'व्हेरिएबल्स' ही चालू किमती दाखवणारी खिडकी उघडा. प्रोग्रॅम नुसत्या एफ५ऐवजी कंट्रोल-एफ५ने सुरू करा, म्हणजे तो डीबगरमध्ये थांबत थांबत चालतो. एफ६ने एकेक ओळ पुढे सरकते, एफ७ने ओळीच्या पोटातला हिशेबही टप्प्याटप्प्याने दिसतो.

नाशिकच्या सिंहस्थाची वर्षं छापायची म्हणून रेंज या आकड्यांची रांग देणाऱ्या फंक्शनला २००३ (सुरुवात), २०२७ (शेवट) आणि १२ (अंतर) दिले, तर २००३ आणि २०१५ येतात, २०२७ येत नाही. रेंज शेवटचा आकडा धरत नाही, तिथे २०२८ द्यावा लागतो. एफ६ दाबत गेलं की लूप २०१५नंतर बाहेर पडताना डोळ्यांसमोर दिसतो.

याहून फसवी चूक म्हणजे लूप चालू असताना त्याच यादीतून काढाकाढी करणं. समजा, लासलगावच्या कांद्याचे भाव १२००, ०, ०, १३५० असे आहेत; शून्य म्हणजे लिलाव बंद. लूपमध्येच रिमूव्हने शून्यं काढली तर एक शून्य उरतं. पहिलं शून्य गेलं की दुसरं त्याच्या जागी सरकतं, पण लूप पुढच्या जागेवर गेलेला असतो. व्हेरिएबल्समध्ये यादी आखडताना बघितली की कारण लगेच कळतं. नको ते काढण्यापेक्षा हवं ते नव्या यादीत भरा.

शेकडो फेऱ्यांच्या लूपमध्ये मात्र एफ६ दाबून बोटं दुखतात. तिथे हव्या त्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण लावून एफ८ने थेट तिथवर जा. अट खरी असेपर्यंत चालणाऱ्या व्हाइल लूपमध्ये मोजणी वाढवायची राहिली आणि प्रोग्रॅम थांबेचना, तर स्टॉपचं लाल बटण आहेच.

स्वतःचा इटरेटर, म्हणजे एकेक किंमत पुढे देणारा ऑब्जेक्ट लिहिताना मला डीबगरपेक्षा खालची शेलची (एकेक ओळ लगेच चालवून बघायची) खिडकी जास्त आवडते. आपल्या ऑब्जेक्टवर इटर चालवा, मग मिळालेल्या इटरेटरवर नेक्स्ट पुन्हा पुन्हा. शेवटी स्टॉपइटरेशन, म्हणजे किमती संपल्याचा इशारा येतो. फॉर लूप हेच निमूटपणे करत असतो. क्लासच्या (ऑब्जेक्टच्या साच्याच्या) इटर मेथडने नुसता सेल्फ, म्हणजे तोच ऑब्जेक्ट परत केला, तर दुसऱ्यांदा लावलेला फॉर रिकामा जातो, कारण मोजणी आधीच संपलेली असते. इटर मेथडमध्येच एकेक किंमत देणारा यील्ड वापरा, दर वेळी नवा इटरेटर मिळतो.