जेपर्डीचा पॉवरपॉइंट साचा: फळा घ्या, बझर नको

१९६४ साली अमेरिकी टीव्हीवर आलेल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजुषेचा फळा शिक्षकांना पॉवरपॉइंटच्या तयार साच्यात फुकट मिळतो. वर पाच विषय, प्रत्येकाखाली १०० ते ५०० गुणांच्या चौकटी. चौकटीवर क्लिक केलं की प्रश्न, मग उत्तर, मग परत फळा; एकूण ५१ स्लाइड. उजळणीला उत्तम, नवा धडा शिकवायला निरुपयोगी.

खरी किंमत गुणांच्या चढणीत आहे. विद्युत घेतलीत तर १०० ला विद्युतधारेचं एकक. ३०० ला १२ व्होल्ट आणि ४ ओहमवरून धारा काढणं. ५०० ला दोन बल्ब एकसर जोडले की उजेड का घटतो. ही चढण नसेल तर मुलं सरळ ५०० पासूनच सुरुवात करतात.

आधी पॉवरपॉइंटच्या ‘ट्रान्झिशन’ टॅबमधली ‘ऑन माउस क्लिक’ची खूण सगळ्या स्लाइडवरून काढा. राहिली, तर नेम चुकलेल्या एका क्लिकने पुढची स्लाइड, म्हणजे बहुधा उत्तरच, उघडं पडतं. खूण काढूनही कीबोर्डचा बाण पुढे नेतोच, तेव्हा हात माउसवरच ठेवा. वापरलेल्या आकड्याचा रंग बदलतो, पण दुवा (लिंक) चौकटीला नव्हे, आकड्याच्या अक्षरांना दिला असेल तरच. आणि फाइल बंद झाली की तोही पुसला जातो. गुणांबरोबर चौकटीही कागदावर खोडत चला.

पंचवीस प्रश्न ४५ मिनिटांत बसत नाहीत. चार विषय, चार चौकटी, म्हणजे सोळा पुरेत.

बझर मात्र नकोच. सगळ्यात चपळ मूल दाबतं, बाकीचे विचार करणं सोडून देतात. त्याऐवजी प्रत्येक गटाला पाटी द्या, तीस सेकंद द्या, सगळ्यांनी एकदम वर धरायची. बरोबर लिहिणाऱ्या प्रत्येक गटाला गुण. चुकल्यावर गुण वजा करण्याचा मूळ नियमही गाळा, नाहीतर मागे पडलेला गट पाटी कोरीच ठेवतो.

मूळ खेळात माहिती देतात आणि उत्तर प्रश्नाच्या रूपात द्यावं लागतं; ही अट मराठीत नीट बसत नाही. ‘हृदय म्हणजे काय?’ हे आपल्या कानाला व्याख्या विचारल्यासारखंच वाटतं. साधा प्रश्न, साधं उत्तर ठेवा.

शेवटची पैज जरूर ठेवा: फक्त विषय सांगायचा, गटांनी आधी किती गुण लावणार ते लिहायचं, मग प्रश्न दाखवायचा. शून्यावरच्या गटालाही ३०० पर्यंत लावू द्या.