बदकाच्या तळपायाचं औषधपाणी: कोणती वस्तू घ्यावी, कोणती दुकानातच ठेवावी

खास बदकाच्या पायासाठी म्हणून बनवलेलं औषध आपल्याकडच्या दुकानांत मिळत नाही. जे लागतं ते माणसांच्या मेडिकलमधून, गुरांच्या औषधांच्या दुकानातून किंवा ऑनलाइन मागवून जुळवावं लागतं. त्यातल्या कशाने खरंच काम होतं, काय नुसतं कपाटात पडून राहतं आणि काय अंगाशी येतं, हे इथे एकेक वस्तू घेऊन सांगितलं आहे. विषय मुख्यतः बंबलफूटचा, म्हणजे तळव्याला होणाऱ्या जंतुसंसर्गाचा, आणि तोही फार पुढे गेलेला नसताना.

खरेदीआधी पाऊल उलटं करून चांगल्या उजेडात बघा. तळव्याच्या मधोमध कातडी गुळगुळीत, लालसर आणि चकाकणारी दिसली तर ती सुरुवात. काळपट खपली आणि तिच्याभोवती सूज असेल तर जंतू आत शिरलेत; बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. पाऊल गरम लागतंय, बोटांच्या मुळाशीही फुगलंय किंवा सूज घोट्याकडे चढलीय, असं असेल तर खालची यादी बाजूला ठेवा. संसर्ग कंडरा-हाडापर्यंत गेला की एक्स-रे आणि पोटातून किंवा इंजेक्शनने अँटिबायोटिक लागतं.

तळवा स्वच्छ असून बदक लंगडत असेल तर मलमावर पैसे घालवू नका. बोटाभोवती नायलॉनचा मांजा किंवा केस आवळलाय का, सांधा सुजलाय का, बोटांमधला पडदा फाटलाय का, ते आधी पाहा. दोन्ही पाय शेजारी धरून तुलना केली की फरक लगेच कळतो. अंड्यावर आलेली मादी अचानक लंगडायला लागली आणि शेपटी हलवत जोर करू लागली तर अंडं अडकलेलं असू शकतं. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. दोन्ही पाय लुळे आणि मानही टाकलेली, तर सडक्या पाण्यातल्या विषबाधेची, म्हणजे बोटुलिझमची शंका घ्यावी. पाय धरून उचललेल्या बदकाचाही सांधा दुखावतो. उचलायचं ते पंख अंगाशी दाबून, पोटाखाली हात घालून.

एप्सम सॉल्ट. जरूर घ्या, पण मेडिकलमधलंच. खतांच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट शेतीच्या प्रतीचं असतं, ते जखमेवर नको. प्रमाण: एक लिटर कोमट पाण्याला पोह्याचे दोन चमचे, साधारण ३० ग्रॅम. पसरट घमेल्यात पाऊल बुडेल इतकंच पाणी घ्यायचं आणि १० ते १५ मिनिटं उभं करायचं. हे पाणी संसर्ग बरा करत नाही. खपली आणि कातडी मऊ करतं, मळ सुटतो, पुढचं काम सोपं होतं. अडचण अशी की बदक ज्या पाण्यात उभं राहतं तेच पितं, आणि एप्सम सॉल्ट पोटात गेलं की जुलाब. म्हणून शेजारी साध्या पाण्याचं भांडं ठेवावं आणि एकाने मान वर धरून बसावं. बदक शांत राहावं म्हणून घमेल्यात मटार टाकायची युक्ती बरेच जण सांगतात. इथे ती उलटते, कारण प्रत्येक दाण्याबरोबर खारट पाणी पोटात जातं.

सलाइन आणि सुईविना सिरिंज. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. ०.९ टक्के सलाइनची १०० मिलिलिटरची बाटली आणि २० मिलिलिटरची सिरिंज घ्या. जखम धुवायची ती धार मारून. कापसाने घासलं की तंतू आत अडकतात. घरी करायचं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, वजनकाट्यावर मोजून.

पोविडोन आयोडीन. पाच टक्क्यांचं द्रावण घ्या; एक भाग औषधाला नऊ भाग पाणी. दहा टक्क्यांचं मिळालं तर एकोणीस भाग. रंग पातळ कोऱ्या चहासारखा झाला म्हणजे जमलं. तसंच दाट ओतलं की जंतूंबरोबर नवी येणारी कातडीही मरते. मळ, रक्त, विष्ठा यांच्या संपर्कात त्याचा जोर उतरतो, म्हणून आधी सलाइनने धुणं आणि मग हे, असाच क्रम. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं, बघायला बरं वाटतं, पण रोज वापरलं की जखम भरतच नाही. घरोघरी असलेलं क्लोरोझायलेनॉलचं जंतुनाशक फरशीसाठी ठेवा. बदक पाय चोचीने साफ करतं, ते पोटात जायला नको.

मलम. एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन सर्वांत उपयोगी. पातळ थर द्यायचा, आणि आयोडीन सलाइनने पूर्ण धुऊन पाऊल कोरडं केल्यावरच, कारण चांदी आणि आयोडीन एकत्र आले की दोन्ही निकामी होतात. निओमायसिन-बॅसिट्रॅसिनचं साधं मलमही चालतं. ट्यूबवर लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) किंवा नावात ‘केन’ असलेलं काही असेल तर ती परत करा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी स्टेरॉइडं असलेली, खाज-गजकर्णाची ट्यूब तर अजिबातच नको. पक्ष्यांत स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती झपाट्याने उतरते आणि साधी जखम चिघळते. हळद-तेलाबद्दल प्रत्येक घरात कोणीतरी विचारतंच. तेल पिसांना लागलं की बदकाचं पाणी-रोधक कवच बिघडतं, आणि हळदीच्या पुटाखाली जखम लाल आहे की नाही तेच दिसत नाही. मध औषधी प्रतीचा असेल तर ठीक. फक्त पट्टीला मुंग्या लागणार, याची तयारी ठेवा.

पट्टी. खरं कौशल्य इथे लागतं आणि बहुतेकांचं बिनसतं तेही इथेच. मायक्रोपोअर चिकटपट्टी ओलीत तासाभरात सुटते. क्रेप बँडेज जाड, बदक त्यातच अडखळतं. घ्यायची ती स्वतःलाच चिकटणारी पट्टी, २.५ सेंटीमीटर रुंदीची. ५ सेंटीमीटरची स्वस्त पडते म्हणून घेतली तर उभी कापून वापरावी लागते.

बांधायला दोन माणसं हवीत. बदकाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर पोटावर ठेवा, दुखरा पाय मागे बाहेर काढा. पाठीवर उताणं पाडू नका आणि छाती दाबू नका. पक्षी छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच श्वास घेतो, ते दाबलं की श्वास कोंडतो. धुऊन, कोरडं करून, मलम लावून वर न चिकटणारी गॉझ ठेवा. त्यावर योगा मॅटची ५ मिलिमीटर जाडीची चकती, मध्ये जखमेपेक्षा थोडं मोठं भोक पाडलेली. वजन भोवतालच्या जागेवर जातं, जखमेवर येत नाही. भोकात गॉझची घडी भरा, नाहीतर आतला भाग फुगून वर येतो.

कोंबडीच्या बोटांमधून पट्टी फिरवता येते, बदकाच्या नाही, कारण मध्ये पडदा. त्यामुळे पडदा नैसर्गिक पसरलेला ठेवून पट्टी तळव्यावरून आडवी, मग मागच्या छोट्या बोटाच्या वरून पायाच्या नळीभोवती, परत तळव्यावर, असा इंग्रजी आठचा आकडा काढायचा. पडदा दुमडून आत गेला तर दोन दिवसांत तिथे नवी जखम. मुख्य गोष्ट: आधी गुंडाळीतून हातभर पट्टी सोडवून घ्या, तिचा ताण जाऊ द्या आणि मग नुसती ठेवत जा. गुंडाळीतून थेट ओढत बांधली की ती नंतर आवळत जाते. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, एकूण दोन थर पुरे. नखं उघडी ठेवा. तासाभराने बोटं गार किंवा जांभळट दिसली तर पट्टी कापून पुन्हा बांधा.

पहिले तीन-चार दिवस रोज बदलायची, नंतर एक दिवसाआड; ओली झाली तर लगेच. वरून प्लॅस्टिकची पिशवी फक्त अंगणात जाण्यापुरती, अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, कारण आत ओल साचून कातडी पांढरी पडते. उघडी जखम असेपर्यंत टाकीत पोहणं बंद. डोळे-नाकपुड्या धुता याव्यात म्हणून डोकं बुडेल असं खोल, अरुंद भांडं मात्र कायम हवं.

बदकासाठीचे निओप्रिनचे बूट परदेशी संकेतस्थळांवर मिळतात. पट्टीवरचं कवच म्हणून चांगले, उपचार म्हणून काही नाहीत. माप चुकलं तर नळीला घासून नवी जखम करतात, आणि रात्री काढावेच लागतात.

ब्लेड. बंबलफूटची गाठ घरी कापून काढल्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पक्ष्यांचा पू पातळ नसतो. घट्ट, पिवळट, चिवट गोळा असतो, म्हणून पिळून निघत नाही आणि कापायचा मोह होतो. पण तळव्यात कंडरा आणि रक्तवाहिन्या अगदी वर असतात, भूल नाही, आणि खोल चिरलेली जखम त्याच घाणेरड्या जमिनीवर टेकणार. भिजवल्यावर खपली आपोआप सैल झाली आणि गोळा गॉझने सहज सुटला तर काढावा. अडकला तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजवा. रक्त आलं तर पाच मिनिटं गॉझ दाबून धरा. पाच-सात दिवसांत सूज तसूभरही उतरली नाही, तर कापायचं ते डॉक्टरांनीच. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. पक्षी बघणारे डॉक्टर आहेत का, हे फोनवरच विचारून घ्या.

दुखण्याचं औषध. घरातलं काहीही नको. डायक्लोफिनॅक पक्ष्यांची मूत्रपिंडं निकामी करतं. गिधाडं त्यामुळेच मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये. गुडघ्याला चोळायच्या जेलमध्येही बहुधा डायक्लोफिनॅकच असतं, आणि बदक ते चाटून पुसून काढतं. पक्ष्यांना मेलॉक्सिकॅम देतात, तेही वजन करून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापात. अँटिबायोटिक चालू असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तेव्हाच विचारावं.

नायासिन (ब-३ जीवनसत्त्व). पिल्लू घोट्यावर बसून सरकतंय, पाय बाहेर फाकलेत, सांधे जाड झालेत आणि तळवा स्वच्छ आहे, तर हा संसर्ग नव्हे. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात बदकाला पुरेसं नायासिन नसतं; बदकाच्या पिल्लाला एक किलो खाद्यामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम लागतं. ब्रुअर्स यीस्ट कपभर खाद्याला एक मोठा चमचा, हा सगळ्यात बिनधोक मार्ग. पिल्लं पाणीच जास्त घेत असतील तर चार लिटर पाण्यात १०० ते १५० मिलिग्रॅम नायासिनामाइड, रोज ताजं. बी-कॉम्प्लेक्सच्या पाकिटावर आकडा वाचून हिशोब करा. कोलेस्टेरॉलसाठीच्या, हळूहळू विरघळणाऱ्या नायासिनच्या गोळ्या घेऊ नका. आठवडाभरात चाल सुधारते. वाकून पक्कं झालेलं हाड मात्र सरळ होत नाही. नायासिन मिळेल म्हणून शेंगदाण्याची पेंड घालणं धोक्याचं, कारण त्यातल्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनला बदकाची पिल्लं फार लवकर बळी पडतात.

जमीन. सगळ्यात जास्त पैसे इथे घाला. वरचं सगळं नीट करूनही पाय महिन्याभरात पुन्हा सुजतो, तो खालच्या जमिनीमुळे. शहाबादी फरशी आणि कोबा टणक, कोकणातला जांभा खरखरीत, तारेची जाळी तर सर्वांत वाईट. वजनदार पेकिन बदकाला याचा त्रास सगळ्यांत जास्त. गोठ्यात टाकायची १५ ते २० मिलिमीटर जाडीची रबर मॅट हा यातला सर्वोत्तम सौदा: पाइपने धुता येते, खालच्या खाचांतून पाणी निघून जातं. उन्हात चटके बसतील इतकी तापते, म्हणून सावलीतच टाका. काथ्याची मॅट पावसाळ्यात सुकत नाही आणि बुरशी धरते. फोमचे जोडायचे तुकडे बदकं टोचून खातात. कृत्रिम गवत मऊ असतं, पण मुळाशी विष्ठा अडकते. रोज उलटून धुणार असाल तरच घ्या.

मॅटवर रंध्याचा भुसा पसरावा. करवतीचा बारीक भुसा ओला झाला की त्याचा थर बसतो, आणि भाताचं तूस पाणी शोषत नाही, शिवाय टोकं बोचतात. पाण्याच्या भांड्याभोवती नदीची धुतलेली वाळू चांगली. बांधकामाची क्रश सँड मऊ दिसली तरी तिचे कण फोडलेल्या दगडाचे, धारदार असतात. तळव्याला पहिली बारीक चीर बहुतेकदा तिथेच पडते. खुराड्याचं दार जमिनीपासून वीतभरापेक्षा उंच असेल तर उतरती फळी लावा आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोका, म्हणजे बदक उडी न मारता चालत उतरेल.