जुन्या खेळाडूला आणखी एक वर्ष द्यायचं, की निरोप?

पस्तिशी ओलांडलेला फुटबॉलपटू, उभी कारकीर्द एकाच क्लबच्या जर्सीत गेलेली आणि करार येत्या जूनमध्ये संपतोय. क्लबच्या व्यवस्थापनात असाल तर हा पेच कधी ना कधी समोर येणारच. मार्ग तसे तीन. एका वर्षाची मुदतवाढ द्यायची, चालू हंगाम शेवटचा असं वेळेवर जाहीर करून तो खेळू द्यायचा, किंवा करार संपला की नमस्कार करायचा. चाहत्यांना पहिला हवा असतो, हिशेब ठेवणाऱ्यांना तिसरा. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण मुदतवाढ कुठे पचते आणि कुठे अंगाशी येते, हे आधी पाहायला हवं.

त्यासाठी २०१६-१७चा हंगाम सोयीचा आहे. इंग्लंडच्या चेल्सीने जॉन टेरीला आणि इटलीच्या रोमाने फ्रान्चेस्को टोट्टीला याच हंगामासाठी एकेक वर्ष वाढवून दिलं होतं. दोघेही कर्णधार, दोघेही क्लबचा चेहरा.

टेरी सुरुवातीला खेळला, सप्टेंबरमध्ये जखमी झाला. तो बाहेर असताना आर्सेनलकडून ३-० असा मार खाल्ल्यावर प्रशिक्षक अंतोनियो कोन्ते यांनी तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, घेऊन खेळायला सुरुवात केली आणि चेल्सीने लीगमध्ये सलग १३ सामने जिंकले. टेरी बरा होऊन आला तोवर त्याची जागा गेली होती. वाद मात्र पेटला नाही, कारण जिंकणाऱ्या संघाला हात लावा असं कोण म्हणणार? एप्रिलमध्ये त्याने क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं आणि मे महिन्यात गॅरी केहिलसोबत करंडक उचलला. शेवटच्या सामन्यात त्याच्या जर्सीच्या क्रमांकाप्रमाणे बरोबर २६व्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावलं गेलं आणि सहकाऱ्यांनी दुतर्फा उभं राहून मानवंदना दिली. हा जरा जास्तच नाटकी प्रकार होता, पण तो भाग सोडा.

टोट्टीची मुदतवाढ वेगळ्या हवेत झाली. फेब्रुवारी २०१६मध्ये त्याने टीव्हीवर नाराजी बोलून दाखवली, तर प्रशिक्षक लुचानो स्पालेत्ती यांनी त्याला सामन्याआधी शिबिरातून घरी पाठवलं. मग एप्रिलमध्ये तोरिनोविरुद्धची ती रात्र आली. रोमा १-२ने मागे. ३९ वर्षांचा टोट्टी ८६व्या मिनिटाला आत आला, आल्या आल्या गोल केला, तीन मिनिटांनी पेनल्टीवर दुसरा. रोमा ३-२ने जिंकली. यानंतर त्याला करार नाकारण्याची कोणाची छाती होती?

तिथेच गफलत झाली, असं मला वाटतं. तोरिनोच्या सामन्याने एवढंच सिद्ध केलं, की शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टोट्टी अजूनही सामना फिरवू शकतो. तेवढ्याचसाठी ठेवायचं तर तसं ठरवून, सगळ्यांना सांगून ठेवायला हवं होतं. ते न झाल्याने पुढचं वर्षभर प्रेक्षक त्याची बेंचवरची मिनिटं मोजत राहिले. मे २०१७मध्ये मिलानच्या सान सिरो मैदानावर रोमा मिलानविरुद्ध आरामात जिंकत होती, तरी त्याला उतरवलं नाही आणि सामना ४-१ने जिंकूनही चर्चा फक्त त्याचीच झाली. संघ लीगमध्ये दुसरा आला, पण प्रशिक्षकाला घरच्याच मैदानावर शिट्ट्या ऐकाव्या लागल्या.

एकाच प्रकारचा करार, निकाल दोन टोकांचे. चेल्सीच्या नशिबी १३ विजय होते हे खरं, पण मुदतवाढ देताना तुम्ही त्या भरवशावर बसू शकत नाही.

आता निरोपाची बाजू. मिलानने २०११मध्ये आंद्रेआ पिर्लोला जाऊ दिलं. तिशी उलटलेल्यांना एकाच वर्षाचा करार, असं क्लबचं धोरण होतं. पिर्लो दुखापतींमुळे बराच काळ बाहेर असतानाही संघाने लीग जिंकली होती. म्हणजे कागदावर निर्णय चुकीचा नव्हता. युव्हेंटसने त्याला फुकटात घेतलं आणि पुढची चारही वर्षं लीग जिंकली. मिलानने बहुधा वयाचा आकडा पाहिला, खेळाची जात पाहिली नाही. पिर्लो पायांच्या वेगावर कधी जगलाच नव्हता.

हा मुद्दा निर्णयात सर्वांत वर हवा. गोलकीपर, सेंटर बॅक, मागे थांबून पास देणारा मिडफिल्डर ही मंडळी उशिरा ओसरतात. विंगर (कडेने धावणारे आक्रमक) आणि फुल बॅक (कडेचे बचावपटू) यांचं ओसरणं आधी दिसतं. रायन गिग्ज मँचेस्टर युनायटेडसाठी ९६३ सामने खेळला, त्याचं एक कारण असं की विंगवरचा वेग उतरल्यावर तो मधल्या फळीत सरकला. तुमच्या खेळाडूला अशी दुसरी जागा आहे का? नसेल तर मुदतवाढीची बाजू लगेच लंगडी पडते.

पैशाचं फार मनावर घेऊ नका, एका वर्षाच्या पगाराने मोठा क्लब बुडत नाही. खरी किंमत त्या जागेवर खेळू शकणारा विशीतला पोरगा मोजतो. प्रीमियर लीगमध्ये तर २५ जणांच्या यादीतली एक जागाही अडते.

दुसऱ्या मार्गाचं उदाहरण अलेस्सांद्रो देल पिएरो. ऑक्टोबर २०११मध्ये युव्हेंटसचे अध्यक्ष आंद्रेआ अग्नेल्ली यांनी भागधारकांच्या सभेत सांगून टाकलं, की हा त्याचा शेवटचा हंगाम. पद्धत रूक्ष होती, चाहते चिडले. पण संदिग्धता संपली. देल पिएरो बहुतेकदा बेंचवरून आला, आपल्या ७००व्या सामन्यात लाझिओविरुद्ध फ्री किकवर विजयी गोल करून गेला, आणि संघ एकही सामना न हरता लीग जिंकला. अतालांताविरुद्धच्या घरच्या शेवटच्या सामन्यात तो बदली होऊन बाहेर आला आणि खेळ चालू असतानाच मैदानाभोवती फेरी मारत राहिला. तिकडे चेंडूकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी असतो तर हेच केलं असतं, फक्त घोषणा त्याला शेजारी बसवून केली असती.

निवृत्तीनंतरच्या खुर्चीचं आमिष दाखवणार असाल तर जपून. हाविएर झानेत्ती २०१४मध्ये खेळ थांबवून इंटरचा उपाध्यक्ष झाला आणि रुळला. टोट्टीलाही रोमाने पद दिलं, पण निर्णयात आपल्याला विचारतच नाहीत, असं सांगून तो २०१९मध्ये बाहेर पडला. काम नसेल तर पद देऊ नका.

तर आधी प्रशिक्षकाला एकट्याला विचारा. ‘हा मला हवाय, अमुक कामासाठी हवाय’ असं तो आपणहून म्हणाला तरच मुदतवाढ, आणि ते काम खेळाडूला सहीआधी स्पष्ट सांगून. ‘बघू, असला तर बरंच’ असं उत्तर आलं, तर देल पिएरोचा मार्ग.

जे ठरवाल ते जानेवारीआधी ठरवा. कराराचे शेवटचे सहा महिने उरले, की फिफाच्या नियमानुसार खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. स्टीव्हन जेरार्डच्या बाबतीत लिव्हरपूलचा प्रस्ताव हंगाम बराच पुढे गेल्यावर आला आणि जानेवारी २०१५च्या सुरुवातीलाच त्याने क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं. हंगामापूर्वीच्या तयारीत कागद समोर आला असता तर सही केली असती, असं त्याने नंतर सांगितलं.