रेकॉर्डिंग ऐकायचं की डोळे फिरवायचे

कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे वर्षानुवर्षं सोसलेल्या आघाताने मनाला जडलेला आजार, आहे असं कळल्यावर पुढे थेरपी कुठली घ्यायची हे हल्ली दोन-तीन जणांनी विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी आधी प्रोलाँग्ड एक्सपोजर (आठवणीला परत परत सामोरं जायची थेरपी) घेतलं, ते अर्ध्यावर सोडलं आणि मग ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे फिरवायची थेरपी). मी डॉक्टर नाही हां, गोव्याच्या फोंड्यात हार्डवेअरचं दुकान आहे माझं, त्यामुळे माझ्यावर जे गुजरलं तेवढंच सांगू शकतो.

निदानाच्या कागदावरून गोंधळू नका. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, कॉम्प्लेक्सला वेगळी जागा आहे, अमेरिकेच्या डीएसएममध्ये, म्हणजे तिकडच्या मानसिक आजारांच्या यादीत, नाही, म्हणून एक डॉक्टर एक लिहितो नि दुसरा दुसरंच. माझ्या बाबतीत एखादा अपघात वगैरे नव्हता. बाबा पिऊन यायचे, गेटची कडी कशी वाजते त्यावरून आज मार बसणार की नाही ते कळायचं, आणि हे बारावीपर्यंत चाललं. आता चाळिशी ओलांडली तरी कडी वाजली की मानेला घाम, आणि धंदा काय तर कड्या-कोयंडे विकायचा! वर राग आवरत नाही, आपण बिनकामाचे असं कायम वाटतं, कोणी जवळ आलं की आपण दोन पावलं मागे. या वरच्या तीन गोष्टींमुळेच त्याला कॉम्प्लेक्स म्हणतात.

एक्सपोजरचा विचार मला पटला होता, अजूनही पटतो. आठवण टाळत राहिलं की भीती ताजी राहते, परत परत सामोरं गेलं की हे आत्ता घडत नाहीये हे हळूहळू आत उतरतं. एडना फोआ यांनी बसवलेली पद्धत, साधारण ८ ते १५ सेशन, बरेचदा दीड तासाची. डोळे मिटून सगळं आत्ता घडतंय असं सांगायचं आणि मधे मधे भीती किती ते शून्य ते शंभरमध्ये. माझं सांगणं इंग्रजीत चालायचं, तेही खटकायचं, मार कोंकणीत खाल्लेला, तो इंग्रजीत सांगताना दुसऱ्याच कोणाची गोष्ट वाटायची. पण तेही चालवून घेतलं असतं.

अडलं ते गृहपाठावर. सेशनमधलं ते सांगणं फोनवर रेकॉर्ड करतात आणि घरी रोज ऐकायचं असतं. आता आमचं घर जुनं, कौलारू, खोल्यांच्या भिंती वरपर्यंत पोचतच नाहीत, इकडे कुजबुजलं की तिकडे वहिनीला ऐकू जातं. ऐकताना मला रडू यायचं आणि भिंतीपलीकडे आई जपाला बसलेली. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून ऐकायला लागलो, तर गिऱ्हाईक वाकून आत बघणार, खिळे आहेत काय. शेवटी पणजीला जाताना कदंब बसमध्ये ऐकायचं ठरवलं, आणि बाणस्तारीच्या पुलाजवळ इअरफोनची बॅटरी संपली नि त्या रेकॉर्डर अ‍ॅपने थांबायचं सोडून सरळ स्पीकरवर सुरू केलं. मधेच कोंकणीत गेलेला माझाच आवाज, बाबा मारूं नाका, मारूं नाका. पुढच्या सीटवरची बाई मागे वळली. त्यानंतर मी ऐकणंच बंद केलं, आणि पुढच्या सेशनला विचारल्यावर ऐकलं म्हणून ठोकून दिलं. खोटं बोलताना मानेला तोच घाम. गृहपाठ केला नाही म्हणून थेरपिस्टला घाबरतोय, मग यातून बाहेर काय पडणार मी?

ईएमडीआरमध्ये हा गृहपाठ नाही, आणि काय घडलं ते तपशीलवार सांगावंही लागत नाही. १९८७ मध्ये फ्रान्सिन शपिरो यांना सुचलेली पद्धत, आठ टप्प्यांची. आठवण मनात धरायची, समोर बोटं इकडून तिकडे जातात त्यांच्यामागे नजर न्यायची, मग आता काय येतंय ते दोन शब्दांत, आणि त्रास शून्य ते दहामध्ये. दोन शब्द कोंकणीत बोललो तरी चालतं. पहिल्यांदा जत्रेतल्या जादूगारासमोर बसल्यासारखं वाटलं, आणि डोळे फिरवण्यानेच फरक पडतो की नुसत्या आठवणीला भिडण्याने, यावर संशोधक अजून भांडतायत. सुरुवातीची सेशनं तर नुसती तयारी, श्वास, मनातली सुरक्षित जागा वगैरे, आमचे दोन महिने त्यातच गेले आणि पैसे जातायत म्हणून मी चिडलोही. पण सेशनमध्ये मी सुन्न व्हायचो, अंगातून निघून गेल्यासारखा, तेव्हा ती तयारीच कामी आली. सेशननंतर एक-दोन दिवस स्वप्नं पडतात, त्या दिवशी स्कूटर चालवू नये असं माझं मत. कडी माझी दहावरून दोन-तीनवर आलीय. शून्य झालेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या शिफारशींत पीटीएसडीसाठी आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) आणि ईएमडीआर दोन्ही आहेत, आणि एक्सपोजर हा त्या सीबीटीचाच प्रकार, म्हणजे त्याला टाकाऊ म्हणायची माझी हिंमत नाही. पर्वरीला एकटे फ्लॅटमध्ये राहत असाल, दार लावून बसता येत असेल, तर कदाचित तेच तुम्हाला लवकर लागू पडेल. आमच्यासारखं भरलेलं घर असेल तर मी ईएमडीआरच म्हणेन, फक्त थेरपिस्टचं त्यातलं ट्रेनिंग कुठवर झालंय ते आधी विचारा, लाजू नका. झोप पार उडाली असेल किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर या दोन्हींच्या आधी बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी हॉस्पिटलात, दाखवा, किंवा रात्री-अपरात्री टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. गोळ्या मलाही दिल्या होत्या, त्यांनी झोप आली, कडीचं काही झालं नाही.

आणि कुठलीही घेतलीत तरी पहिल्याच दिवशी विचारून घ्या की घरी काय करायचंय, आणि ते घरात नक्की कुठे बसून करणार ते त्यांनाही सांगा. मी विचारलं नव्हतं.