खुनी शेवटी दाखवायचा की सुरुवातीलाच?

क्राइम थ्रिलरची पटकथा लिहायला बसलं की एक निर्णय फार लवकर घ्यावा लागतो. खुनी कोण हे प्रेक्षकापासून शेवटपर्यंत लपवायचं, की लवकर दाखवून टाकायचं आणि तो सापडतो का यावर उरलेला चित्रपट पेलायचा? अर्धं लिहून झाल्यावर हा निर्णय बदलायला गेलात तर सगळं उसवावं लागतं. कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा राहणार, नट कोण घ्यायचे, ट्रेलरमध्ये काय ठेवायचं, हे सगळं त्यावरच ठरतं.

1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट होतो: प्रेक्षकाला 15 सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब आधी दाखवला, तो कधी फुटणार हेही कळू दिलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा 15 मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. पहिल्यात आश्चर्य आहे, दुसऱ्यात उत्कंठा. दोन्ही वाटांमधला फरक इथेच आहे.

खुनी लपवलात तर चित्रपट कुतूहलावर चालतो. मध्यंतरात लोक आपापला संशयित सांगतात, पैज लावतात, घरी जाताना मागचे प्रसंग पुन्हा जुळवून पाहतात. हे सुख दुसऱ्या वाटेवर मिळत नाही. पण त्याची किंमत जबर आहे. प्रत्येक प्रसंगाचे दोन अर्थ लागले पाहिजेत, एक आत्ताचा आणि एक शेवट कळल्यानंतरचा. धागेदोरे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचे आणि तरीही त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. शेवटच्या 10 मिनिटांत कधीही न दिसलेलं पत्र किंवा कधीही न ऐकलेला जुळा भाऊ आणलात, तर प्रेक्षक फसवला गेल्यासारखा उठतो आणि पुन्हा तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

मला याहून मोठी अडचण वाटते ती नटांची. लहानशा भूमिकेत नावाजलेला चेहरा दिसला की सराईत प्रेक्षक लगेच ओळखतो, याला उगाच घेतलेलं नाही. शिवाय ज्याच्या मनात सगळ्यात जास्त खळबळ आहे, त्याच्याच मनात तुम्हाला शिरता येत नाही. मग खुनामागचं कारण शेवटी लांबलचक कबुलीजबाबातून सांगावं लागतं. खुर्चीतली माणसं चुळबुळू लागतात ती इथे.

असा चित्रपट लोकांपर्यंत पोहोचवायचा तर आधी त्याचं गुपित सांभाळावं लागतं. फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझोच्या 'ले दियाबोलीक'च्या (1955) शेवटी पडद्यावर पाटी येते: पाहिलंत ते मित्रांना सांगू नका. 'सायको'च्या वेळी (1960) हिचकॉकने खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम थिएटरांना घालून दिला. प्रमुख अभिनेत्री पूर्वार्धातच मरते, उशिरा आलेला माणूस शेवटपर्यंत तिचीच वाट पाहत बसला असता. या नियमाचीच मोठी जाहिरात झाली. आज पहिला खेळ सुटायच्या आत कुणीतरी मोबाइलवर खुन्याचं नाव टाकून मोकळा होतो. त्यामुळे अशा चित्रपटाला सुरुवातीचे दिवसच मिळतात. ओटीटीवर तो सगळ्यांना एकाच वेळी मिळतो हे बरं, पण तिथे प्रेक्षक मागे जाऊन तुमचे धागे तपासू शकतो. प्रामाणिक पटकथेला याचा फायदाच होतो. ढिली पटकथा मात्र तिथे उघडी पडते.

आता दुसरी वाट. दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या जर्मन 'एम'मध्ये (1931) खुनी कोण हे आपल्याला बऱ्याच लवकर कळतं. त्याच्या मागावर पोलीस आहेत आणि शहरातले गुन्हेगारही. तो एक धून शिट्टीवर वाजवतो, आणि पुढे त्या शिट्टीवरूनच एक आंधळा फुगेवाला त्याला ओळखतो. लांगचा हा पहिला बोलपट, आणि त्यात ध्वनीच पुरावा झाला. नंतर नुसती शिट्टी ऐकू आली तरी अंगावर काटा येतो, कारण ती कुणाची आहे हे आपल्याला माहीत असतं. खुनी लपवला असता तर ही भीती मिळाली नसती.

या वाटेवर संकलनाला काम भरपूर. पाठलाग करणारा आणि पळणारा यांचे प्रसंग आलटून पालटून येतात, दोघांमधलं अंतर कमी होत जातं. धोका मधल्या भागात असतो. प्रेक्षक पोलिसांच्या पुढे आहे, त्यामुळे तपास करणारा मठ्ठ निघाला तर सगळंच लटकतं. तो इतका हुशार हवा की प्रेक्षकाला पळणाऱ्याची काळजी वाटली पाहिजे.

जितू जोसेफच्या मल्याळम 'दृश्यम'ने (2013) ही काळजी फार सुंदर वापरली. पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा कुणाच्या हातून मेला हे आपण पाहिलेलं असतं. मृतदेह कुठे गेला, एवढंच लपवलेलं असतं. (ते इथे लिहीत नाही. अजून न पाहिलेला वाचक असणारच.) पुढे ही गोष्ट कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी आणि चिनी भाषेतही आली. त्या प्रकरणात अडकलेलं कुटुंब वाचेल का हा प्रश्न कुठल्याही भाषेत तितकाच जिवाला लागतो. मल्याळममधला दुसरा भाग 2021 मध्ये थेट ओटीटीवर आला, त्याचा हिंदी अवतार 2022 मध्ये थिएटरमध्ये. गोष्ट आधी ऐकलेली असूनही पाहण्यासारखं काही उरतं, म्हणून हे शक्य होतं.

माझा कौल बहुतेक वेळा याच वाटेला आहे: गुन्हा उघडा ठेवा आणि एकच गोष्ट लपवा.

तरी एकाच घरात किंवा एकाच रात्रीत घडणारी, पाच-सहा पात्रांची गोष्ट असेल, नटही फारसे ओळखीचे नसतील, तर खुनी लपवा. तिथे बजेट कमी असणं आड येत नाही, उलट अनोळखी चेहरे मदतीलाच येतात. मात्र शेवटचा प्रसंग आधी लिहा आणि तिथून मागे चालत या.

अजूनही ठरत नसेल तर तुमची गोष्ट एखाद्या मित्राला खुन्याच्या नावापासून सांगायला सुरुवात करा. 'मग पुढे काय झालं?' असं त्याने विचारलं, तर ती उघडीच लिहा. तो नुसता 'अच्छा' म्हणून थांबला, तर तुमच्या गोष्टीची सगळी ताकद त्या नावात आहे, ते शेवटपर्यंत जपा.