दिव्यांग पार्किंगची सोय: कार्ड ठीक, आरसीची नोंद पक्की, जागा मात्र कच्ची

देशभर कुठेही चालेल असा दिव्यांगांच्या पार्किंगचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये ब्लू बॅज मिळतो. तो माणसाच्या नावावर असतो, त्यामुळे तो माणूस ज्या गाडीत बसेल त्या गाडीला चालतो. आपल्याकडे हे काम तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळून करतात: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), आरसी बुकावरची नोंद आणि गाडीवरचं चिन्ह. जळगाव, धुळे, नंदुरबार भागात ही सोय वापरायची तर यातलं काय कुठे चालतं आणि काय नुसतं दिसायला असतं, हे आधी समजून घ्यावं.

कार्डापासून सुरुवात. यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही किंवा अंगठा आणि आधीचं प्रमाणपत्र असेल तर ते, एवढं पुरतं. अडतं ते नावात. आधारवर वडिलांचं नाव पूर्ण आणि जुन्या प्रमाणपत्रावर नुसतं आद्याक्षर असेल, तर अर्ज तिथेच रेंगाळतो. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज भरा, उलटं करू नका. तपासणीचं रुग्णालय आपल्याच जिल्ह्यातलं निवडा. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिने आहे. त्याच नियमांनी कार्डावर रंगाची पट्टी आणली: दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर पांढरी, ४० ते ८० च्या आत पिवळी, ८० आणि त्यापुढे निळी. बहुतेक सवलतींची सीमा ४० टक्के आहे. कार्ड आल्यावर त्याची प्रत डिजिलॉकरमध्ये ठेवा आणि मूळ कार्ड घरी. खिशात लॅमिनेट केलेली झेरॉक्स पुरते. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत आजच पाहून घ्या. मुदत संपली की पुढचं सगळं अडून बसतं.

सेवा म्हणून हा टप्पा बरा आहे. घरबसल्या अर्ज होतो, नंबर मिळतो, कार्ड उतरवून घेता येतं. पण हे कार्ड पार्किंगसाठी बनवलेलं नाही. साठ टक्के बहिरेपण असलेल्या माणसालाही तेच कार्ड मिळतं आणि पोलिओनं पाय गेलेल्यालाही तेच. रुंद जागेची गरज दुसऱ्याला आहे. दिव्यांगत्वाचा प्रकार कार्डावर लिहिलेला असतो, म्हणून दाखवताना टक्क्यांवर बोट ठेवण्याऐवजी त्या ओळीवर ठेवा.

खरं वजन आरसीच्या नोंदीला आहे, आणि नेमकी तीच बहुतेकांकडे नसते. ऑक्टोबर २०२० पासून गाडी नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' हा पर्याय आला. जीएसटी सवलत घेऊन आणि न घेता, असे त्याचे दोन उपप्रकार आहेत. शोरूममध्ये फॉर्म डीलरचा माणूस भरतो. त्याला सांगितलं नाही तर तो सवयीनं 'वैयक्तिक' निवडून मोकळा होतो आणि गाडी तशीच नोंदली जाते. म्हणून बुकिंगच्याच दिवशी यूडीआयडीची प्रत द्यायची, आणि पासिंगला जाण्याआधी भरलेला फॉर्म २० स्वतः वाचायचा. गाडी दिव्यांग व्यक्तीच्याच नावावर घ्या. मुलाच्या किंवा भावाच्या नावावर घेतली की ही नोंद हातची जाते. जुनी गाडी असेल तर आरसी, विमा, पीयूसी आणि यूडीआयडी घेऊन आपल्या आरटीओत (एमएच १९, १८ किंवा ३९, जिथली गाडी तिथे) मालकीचा प्रकार दुरुस्त करण्याचा अर्ज द्यावा लागतो.

गाडीत बदल केला असेल, म्हणजे स्कूटरला साइडव्हील (मागच्या बाजूला जादा चाकं) बसवली किंवा कारला हातानं चालणारे ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर लावले, तर त्याचीही नोंद आरसीवर हवी. गाडीवर कर्ज असेल तर बदल करण्याआधी फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या. ती नसेल तर नोंद होत नाही. मग लोक नोंदीविना गाडी फिरवतात आणि अपघात झाला की विम्याच्या वेळी गोत्यात येतात. नोंद असेल तर उलट विम्याच्या हप्त्यात, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर, सवलतीची तरतूद आहे. नशिराबादचा किंवा लळिंगचा टोलनाका रोजचा असेल तर टोलमाफीचा फास्टॅगही याच नोंदीवर मिळतो. तो साध्या फास्टॅगपेक्षा वेगळा असतो आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नाक्यावर नुसतं कार्ड दाखवून वाद घालू नका. तिथलं यंत्र टॅग वाचतं, कार्ड नाही.

तिसरी गोष्ट, चाकाच्या खुर्चीचं निळं चिन्ह. कुठल्याही रेडियमवाल्याकडे ते कापून मिळतं आणि कोणीही लावू शकतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीनं त्याला किंमत नाही. तरीही लावा, कारण पार्किंगवाला आधी तेच पाहतो. कारला ते काचेच्या आतून लावा. खान्देशच्या उन्हात बाहेरून लावलेल्या स्टिकरच्या कडा एका मे महिन्यात सुटतात आणि निळा रंग फिका पडतो. स्कूटरला पुढच्या पत्र्यावर एक आणि मागच्या मडगार्डवर एक, असे दोन हवेत. मागचा जास्त महत्त्वाचा, कारण बाकीच्या गाड्या मागूनच येऊन चिकटतात.

आता जागा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत कारसाठीचा राखीव गाळा, म्हणजे आखलेली जागा, ३.६ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब सांगितला आहे. प्रवेशदारापासून तो ३० मीटरच्या आत असावा, आणि २५ गाड्यांमागे असे दोन असावेत. बाजूचा १.२ मीटरचा तिरप्या पट्ट्यांचा भाग खुर्ची लावून आत-बाहेर होण्यासाठी असतो. दार पूर्ण उघडून खुर्ची दाराला समांतर लावायची तर एवढी जागा लागतेच. आपल्या बाजारपेठांत जिथे गाळा आखलेला आहे तिथेही या पट्ट्यांत मोटारसायकली लागलेल्या असतात. लावणाऱ्याला वाटतं, कारची जागा तर मोकळी सोडली आहे! पट्ट्या कशासाठी हेच कोणाला ठाऊक नसतं. गाळ्याच्या डोक्यावर एक ओळीची पाटी लावली, 'पट्ट्यांवर गाडी लावू नये, खुर्चीची वाट आहे', तर बराच फरक पडेल.

आणि हे सगळं कारचं झालं. आपल्याकडे बहुतेक दिव्यांग साइडव्हीलच्या स्कूटरवर फिरतात, आणि त्या स्कूटरसाठी कोणी गाळाच आखत नाही. साध्या स्कूटरच्या जवळपास दीडपट रुंदी असलेली ही गाडी दुचाकीच्या रांगेत बसत नाही, आणि कारच्या बाजूला नेली तर हाकलून लावतात. त्यात पार्किंगवाला पोरगा साध्या गाडीसारखी मागचं हँडल धरून उचलतो आणि बाजूला सरकवतो. भार एका चाकावर येतो, साइडव्हील धरून ठेवणारा क्लॅम्प वाकतो, आणि परत निघताना गाडी एका अंगाला ओढते. गाडी लावतानाच सांगा: "दादा, ही उचलायची नाही, ढकलायची. ब्रेक लॉक केलाय, सरकवायची झाली तर मला हाक मार." या गाडीला स्टँडचा उपयोग नसतो, म्हणून ब्रेकचा लॉक चालू असला पाहिजे आणि जमीन सपाट हवी. उतारावर लॉक जरा सैल असला तरी गाडी घरंगळते. रांगेच्या टोकाची जागा मागा, भिंतीकडची नको. उतरताना कुबडी टेकवायला एक बाजू मोकळी राहते.

यात्रेच्या पार्किंगची गोष्ट वेगळी. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास गाड्या शेतात लागतात. काळ्या मातीला भेगा असतात आणि बारकं साइडव्हील त्यांत अडकतं. पावसाळ्यात तीच माती चाक गिळते. अशा वेळी बंदोबस्तावरच्या पोलिसाला आरसी दाखवून रस्त्याच्या कडेची पक्की जागा मागावी. अमळनेरला मंगळवारी मंगळग्रह मंदिराच्या गर्दीत दुपारी जागा शोधण्यापेक्षा सकाळी लवकर पोहोचणं सोपं.

जागा नसेल किंवा कोणी अडवली असेल तर पार्किंगवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही, तो ठेकेदाराचा नोकर असतो. तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढा आणि ज्या संस्थेची इमारत आहे तिला लेखी अर्ज द्या.  उत्तर आलं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मोडणाऱ्याला त्याच्या कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी ५०,००० ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. नगरपालिकेकडे मागणी करताना पैशांचं कारण पुढे येतंच. तेव्हा स्वउत्पन्नातला ५ टक्के दिव्यांग निधी अर्जातच लिहा, आणि जागा, तिची मापं आणि साइडव्हीलच्या स्कूटरसाठी वेगळा गाळा, या तिन्ही गोष्टी नाव घेऊन मागा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.