मोटारसायकलवरची ऑडिओ सिस्टीम आणि दर सोमवारी उतरणारी बॅटरी : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मी माझ्या ३५० सीसी मोटारसायकलच्या हँडलवर ब्लूटूथ अँप्लिफायरसह दोन स्पीकर बसवून घेतले. ठाण्यातल्या कासारवडवलीहून घोडबंदर रोडने माजिवडा आणि पुढे कळव्यावरून ऐरोली, असा माझा रोजचा रस्ता आहे. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. ताशी ५० किलोमीटरपर्यंत गाण्याचे शब्द स्पष्ट कळतात, त्यापुढे वाऱ्यात खालचे स्वर विरतात. मागच्या वाहनाचा हॉर्न ऐकू यायलाच हवा, म्हणून मी आवाज तसाही निम्म्याच्या वर नेत नाही. त्रास झाला तो गाडीच्या वायरिंगमध्ये, आणि लिहिण्यासारखे आहे तेही त्याबद्दलच.

पहिल्या महिन्यातच सोमवारी सकाळी सेल्फचे बटण दाबले की नुसती टक-टक होऊ लागली. मंगळवार ते शुक्रवार सेल्फ जड फिरे, पण गाडी चालू होई. ज्या दुकानात सेट बसवला होता तिथे बॅटरी जुनी झाल्याचे सांगण्यात आले. मी नवी बॅटरी घातली, तरी पुन्हा तोच सोमवार उगवला. मग मोठ्या क्षमतेची बॅटरी घालण्याचा सल्ला मिळाला. तो मी मानला नाही, कारण बॅटरी मोठी केल्याने गाडीची चार्जिंगची ताकद वाढत नाही. बॅटरी उतरायला थोडा उशीर होतो, एवढेच.

अखेर वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या वायरमनकाकांकडे गाडी नेली. त्यांनी कशालाही हात लावण्याआधी मीटर काढला. चार्जिंग तपासले, तर इंजिनाला रेस दिल्यावर १४.१ व्होल्ट, म्हणजे वीज बनवणारी कॉइल आणि ती वीज बॅटरीजोगी करणारा रेक्टिफायर ठीक होते. मग चावी बंद करून त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून तो बॅटरी आणि त्या वायरीच्या मध्ये जोडला. आकडा आला ३१० मिलिअँपिअर. "दादा, बॅटरी गेलेली नाही. चावी बंद असताना कुणीतरी करंट खातंय," ते म्हणाले. माझी बॅटरी ९ अँपिअर-अवरची आहे. या दराने ती सुमारे २९ तासांत रिकामी होते. शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी मी सोमवारी सकाळी, म्हणजे साधारण ६० तासांनी काढत असे, हे लक्षात आल्यावर सोमवारचे कोडे सुटले. ही तपासणी घरी करणाऱ्यांनी मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मुळीच मारू नये. सेल्फ ओढतो तो करंट मीटरला सोसत नाही.

अँप्लिफायरची एक वायर कायमच्या पुरवठ्यासाठी आणि दुसरी चावीनंतरच्या पुरवठ्यासाठी असते. दुकानात त्या दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडल्या होत्या, त्यामुळे स्पीकर मुके असले तरी आतले सर्किट रात्रंदिवस जागे राही. काकांनी सीटखाली रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, बसवला, त्याचा इशारा पार्किंग लाइटच्या वायरीवरून घेतला आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर ७.५ अँपिअरचा फ्यूज दिला. आधीचा फ्यूज पार हँडलपाशी होता. मधली वायर कुठे घासली असती, तर तिला काहीच संरक्षण नव्हते.

दुसरा दोष अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाचा निघाला. इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार होणारी एक बारीक शिट्टी स्पीकरमधून येत असे आणि ढोलाच्या ठेक्यावर हेडलाइट किंचित मंद होई. अँप्लिफायरची काळी वायर टाकीखालच्या रंगवलेल्या बोल्टला कसली होती, आणि रंगामुळे जोड नीट बसत नव्हता. ती वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये सेट वाजत असताना ०.९ व्होल्ट दिसला. काळी वायर टोकाला लग (धातूची कडी) लावून सरळ बॅटरीपर्यंत नेल्यावर तो ०.०५ वर आला आणि शिट्टी थांबली.

तिसरा दोष जुलैत उघडा पडला. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या साचलेल्या पाण्यातून मी गाडी काढली आणि दुसऱ्या दिवसापासून हँडल उजवीकडे वळवले की सेट बंद पडू लागला. हँडलच्या मानेपाशी नुसत्या टेपने गुंडाळलेला जोड सोडला, तेव्हा टेप चिकट होऊन सरकली होती आणि आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून निम्म्या तुटल्या होत्या. तो जोड आता सोल्डर करून, वरून उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवून मानेपासून दूर नेला आहे, आणि पूर्ण वळणाला पुरेल इतकी वायर सैल सोडली आहे.

खोक्यावर छापलेल्या ५०० वॅटवर मात्र कुणी विश्वास ठेवू नये. सोबत ५ अँपिअरचा फ्यूज येतो. १४ व्होल्टला त्यातून सलग ७० वॅटच्या आसपासच वीज जाऊ शकते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत सतत चालू राहतो आणि माझा ५५ वॅटचा हॅलोजन गाडीच्या चार्जिंगमधून आपला वाटा घेतोच. कापूरबावडीच्या गर्दीत गाडी आयडलवर उभी असताना सेट मोठ्याने लावला, तर बॅटरीवर १२.७ व्होल्टच दिसतात, म्हणजे ती नीट चार्ज होत नाही, म्हणून सिग्नलला मी आवाज उतरवतो.

चावी बंद असतानाचा करंट आता ४ मिलिअँपिअर आहे. गेल्या आठवड्यात जोडून आलेल्या तीन सुट्ट्यांनंतर गाडी काढली, तेव्हा सेल्फ पहिल्या दाबाला लागला.